सुफळ संपूर्ण

आपल्या व्रतांच्या कहाण्या शेवटी सुफळ संपूर्ण होतात. हे दोन शब्द आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्यांतील भेद लक्षात राहत नाही. संपूर्ण होणे म्हणजे संपणे. सुफळ होणे म्हणजे ज्याने सोसले त्याच्या पदरी काही पडणे. आटपाट नगरातील नावडती राणी असो, दरिद्री ब्राह्मण असो की सासुरवाशीण असो, त्यांच्या वाट्याला हाल येतात ते येतातच; परंतु अखेरीस घर, जिवाभावाचे माणूस आणि चारचौघांतला मान त्यांना परत मिळतो. ऐकणाऱ्याला त्यामुळे जे समाधान वाटते ते केवळ गोड शेवटाचे नसते. या जगाला काही न्याय आहे आणि त्या न्यायाच्या हिशेबात आपणही धरले गेलो आहोत, या जाणिवेचे ते समाधान असते.

हे समाधान कोणाच्या वाट्याला यावे यास काही मर्यादा असावी काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. तो सुचण्यास निमित्त झाले ते आजच्या तरुण वाचकांचे. गेल्या चाळीसएक वर्षांत इंग्रजीत प्रौढ वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुत कादंबरीचा, रूढ शब्दांत सांगायचे तर फँटसीचा, मोठा विस्तार झाला आहे. जयेंद्रगंजातून पुण्यास, बंगळूरला किंवा समुद्रापार गेलेली आपली मुले-नातवंडे ती आवडीने वाचतात. त्या वाचकांत एक शोध सतत चाललेला आढळतो : जिच्यात दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे प्रेम मन भरेल अशा रीतीने आले आहे, अशी कादंबरी कोणती? वरवर पाहता ही ग्रंथालयाच्या फळीपुरती चौकशी वाटते. आम्हांस ती नीतीची वाटते. कारण मन भरणे म्हणजे काय, आणि त्यासाठी माणसाला नसलेल्या राज्यात का जावे लागते, हे दोन प्रश्न तिच्या पोटात दडलेले आहेत.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. असलेल्या जगाच्या कथांत हे समाधान मिळत नाही काय? मराठीपुरते पाहिले तर या विषयाकडे आपल्या लेखकांनी पाठ फिरविली, असे म्हणता येत नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा त्यांनी विलक्षण धैर्याने उभी केली. परंतु तिचा शेवट आत्मनाशात होतो. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे' या 1979 सालच्या नाटकात संगीत रंगभूमीच्या मावळत्या काळातील एक स्त्रीपार्टी नट आणि दोन कारकून यांची स्वप्ने एकमेकांत मिसळतात. पुरुष पुरुषाची पत्नी होतो, संसार मांडला जातो, डोहाळेही लागतात. पण ते स्वप्न फुटते आणि हसता हसता प्रेक्षकाचा घसा दाटतो. सचिन कुंडलकरांच्या 2006 सालच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत भाऊ आणि बहीण घरी भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि तो तरुण दोघांनाही सोडून निघून जातो.

या तिन्ही कृती थोर आहेत. त्या दुःखान्त आहेत हा त्यांचा दोष नव्हे. त्यांच्या लेखकांनी आपापल्या काळाची साक्ष प्रामाणिकपणे दिली आहे. मात्र एखाद्या प्रकारच्या माणसाला साहित्यात जेव्हा जेव्हा आपले प्रतिबिंब दिसते, तेव्हा तेव्हा ते फाशीच्या दोराखाली, रिकाम्या खोलीत किंवा फुटक्या आरशात दिसत असेल, तर त्याची समजूत काय होईल? एक दुःखान्त ही कलाकृती असते. सर्वच दुःखान्त असले तर तो निवाडा होतो. लेखकांपैकी कोणाच्याही मनात नसताना वाचक असा निष्कर्ष काढतो, की आपल्यासारख्यांची कहाणी संपूर्ण होते, सुफळ होत नाही.

म्हणून तो वाचक अद्भुताकडे वळतो. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे पलायन होय. जे वास्तवात मिळत नाही ते उडत्या घोड्यांच्या देशात मिळवून काय उपयोग? या आक्षेपाचे उत्तर देण्यास आपल्याच संस्थानातील एका मराठी घराचा पुत्र साक्षीला येतो. गजानन माधव मुक्तिबोध 1917 साली तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी झाले, तर गजानन माधवांनी हिंदी पत्करली. 'एक साहित्यिक की डायरी' या 1964 सालच्या पुस्तकात त्यांनी कलानिर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा क्षण तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेऊन डोळ्यांपुढे उभा राहण्याचा. तिसरा त्या फँटसीला शब्द मिळण्याचा. मुक्तिबोधांच्या या विवेचनाचे मर्म आमच्या मते असे, की फँटसी ही अनुभवाकडे पाठ फिरविणे नसून अनुभवाकडे पाहता येईल इतके अंतर निर्माण करणे होय. ठसठसणाऱ्या जखमेकडे माणूस नीट पाहू शकत नाही. तीच जखम एखाद्या काल्पनिक राज्यातील काल्पनिक योद्ध्याच्या अंगावर पाहिली म्हणजे ती कोठून आली आणि कशाने भरेल, याचा विचार करता येतो.

शिवाय ज्यांना पलायनाचा आरोप करावयाचा आहे त्यांनी, म्हणजे आपण लष्करवासी मराठी मंडळींनी, थोडे आपल्याकडेही पाहावे. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली येथे छावणी टाकली, तेव्हापासून आपली घरे येथे आहेत. जयेंद्रगंज आणि दौलतगंजातल्या वाड्यांत जन्मून आपण आयुष्यभर सह्याद्री, इंद्रायणी आणि पंढरी यांच्याविषयी बोलतो, ओव्या म्हणतो, गौरी-गणपती मांडतो. त्यातले किती आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते? आपला महाराष्ट्र हा पुष्कळसा मनाने रचलेला देश आहे. तो रचला म्हणून आपण येथून पळून गेलो नाही. उलट त्याच्या आधाराने येथे नीट उभे राहिलो. ज्याला जेथे राहावयाचे आहे तेथे पूर्ण जागा मिळत नाही, त्याला मनात एक देश बाळगावा लागतो. ही गोष्ट दोनशे वर्षे अनुभवणाऱ्या समाजाने तरी दुसऱ्याच्या कल्पित देशाला हसू नये.

आता मन भरण्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी इंग्रजी कादंबऱ्यांपर्यंत जाण्याची घाई नको, कारण या प्रकारची एक अद्भुतकथा आपल्या देवघरातच आहे. श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीस 'शिवलीलामृत' पुरे केले. त्यात सीमंतिनीच्या आख्यानाला जोडून सुमेध आणि सोमवंत यांची कथा येते. मूळ कथा स्कंदपुराणातील. विदर्भातील वेदमित्र आणि सारस्वत या दोन स्नेही ब्राह्मणांचे हे पुत्र. बरोबर वाढलेले, बरोबर शिकलेले. विवाहासाठी द्रव्य हवे म्हणून ते विदर्भराजाकडे जातात. राजा चेष्टेने त्यांना सुचवितो, की सीमंतिनी राणी सोमवारी दांपत्यांची पूजा करून त्यांना दान देते, तेव्हा तुमच्यापैकी एकाने स्त्रीवेष घेऊन जोडप्याने तिच्याकडे जावे. सोमवंत स्त्री होतो. राणीला सोंग उमगते की नाही हे गौण. ती त्या दोघांच्या ठायी उमामहेश्वर पाहून पूजा करते, आणि तिच्या भावाच्या बळाने सोंग खरे होते. परतीच्या वाटेवर सोमवंत सुमेधाला आपल्या मनातील अभिलाषा बोलून दाखवितो. सुमेध ती चेष्टा समजतो. खरे कळल्यावर तो म्हणतो, आधी घरी जाऊ, विधिपूर्वक विवाह करू. सारस्वत शोक करतो, राजा देवीला साकडे घालतो. परंतु सीमंतिनीने जे केले ते आपल्यालाही फिरविता येणार नाही, असे देवी सांगते. दोघांचा विवाह होतो आणि सारस्वताला दुसऱ्या पुत्राचा वर मिळतो.

ही कथा कित्येक पिढ्यांनी सोमवारी धूपदीप लावून वाचली. तिच्यात श्रीधरस्वामींना आजचा अर्थ अभिप्रेत होता, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शिवभक्तीचा महिमा सांगावयाचा होता. तरीही कथेच्या अंगी जे आहे ते आहेच. ज्या दोघांचा स्नेह बालपणापासूनचा आहे त्यांचेच मीलन होते; कोणी त्यांना शाप देत नाही; राणीची श्रद्धा त्यांच्या पदरी पडते आणि देवी त्यावर शिक्का मारते. कहाणी सुफळ होते. मात्र एक किंमत मोजून. दोघांपैकी एकाला आपला देह टाकावा लागतो आणि एका बापाला आपला मुलगा गमवावा लागतो. प्रेमाला जागा मिळते, पण ज्या रूपात ते जन्मले त्या रूपात नव्हे. अद्भुताने येथे अर्धा न्याय केला, असे आम्हांस वाटते. घोडा उडू शकतो, पुरुष स्त्री होऊ शकतो, परंतु पुरुष पुरुषच राहून पुरुषाचा जोडीदार होईल, इतके सामर्थ्य त्या अद्भुताच्याही अंगी नव्हते.

उरलेल्या अर्ध्या न्यायाचा प्रश्न विसाव्या शतकात एका इंग्रज लेखकाने हाती घेतला, आणि योगायोग असा की त्याचा संबंध आपल्या माळव्याशी होता. ई. एम. फॉर्स्टर 1912-13 साली प्रथम हिंदुस्थानात आले. पुढे 1921 साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काढले. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव आणि तुकारामाचे भजन त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या 1924 सालच्या कादंबरीत उतरले. तिच्यातील नारायण गोडबोले तर आपल्यापैकीच. फॉर्स्टर स्वतः पुरुषांवर प्रेम करणारे होते. पहिल्या हिंदुस्थानभेटीनंतर, 1913-14 साली, त्यांनी 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि ती पेटीत ठेवून दिली. इंग्लंडात असे प्रेम 1967 पर्यंत गुन्हा होता. 1970 साली फॉर्स्टर वारले आणि 1971 साली पुस्तक प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, 1960 साली, त्यांनी त्यास एक टिपण जोडले होते. त्याचा आशय असा, की आपल्याला शेवट सुखाचाच करावयाचा होता, एरवी हे लिहिण्याचे श्रमच घेतले नसते. नायकाने गळफास घेतला असता तर पुस्तक छापावयास कोणाची हरकत आली नसती.

हे निरीक्षण आम्हांस फार मोलाचे वाटते. समाज एखाद्या प्रेमाची कथा ऐकावयास तयार असतो, मात्र ते प्रेम शेवटी मेले पाहिजे अशा अटीवर. फॉर्स्टरांनी ती अट नाकारली. पण त्यांनाही आपल्या प्रेमिकांना इंग्लंडातील एखाद्या गावात घर देता आले नाही. मॉरिस आणि अलेक हे दोघे शेवटी अरण्यात नाहीसे होतात. हे इंग्रजी लोककथांतील हिरवे रान आहे. नकाशावर ते सापडावयाचे नाही. म्हणजे वास्तवाने चाललेल्या कादंबरीलाही सुफळ होण्यासाठी शेवटच्या पानावर अद्भुतात पाऊल टाकावे लागले.

येथून पुढे अद्भुत कादंबरीच्या लेखकांनी हे काम उचलले. ते सर्वांना सारखे साधले नाही. आणि कोठे साधले, कोठे नाही, हे पाहिल्याने मन भरण्याची लक्षणे हाती लागतात.

पहिले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे, जरी ते मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतले असले तरी. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरमालेतील शेवटचे पुस्तक जुलै 2007 मध्ये निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे वाचकांसमोर बोलताना त्यांनी सांगितले, की शाळेचे वृद्ध प्राचार्य डंबलडोर समलिंगी होते. सभागृहात टाळ्या झाल्या. परंतु सात ग्रंथांतील हजारो पानांत कोठेही हे उघड शब्दांनी लिहिलेले नव्हते. ग्रंथ पुरा झाल्यावर व्यासपीठावरून दिलेली ही देणगी स्वीकारावी की नाही? आमच्या मते जे प्रेम कथेत घडत नाही, ज्याच्यामुळे कथेतील एकही निर्णय उघडपणे बदलत नाही, त्याने वाचकाचे मन भरू शकत नाही. पंक्तीला न बसविता माजघरात पान वाढण्यासारखे ते आहे. अन्न तेच असते, मान तो नसतो.

दुसरे उदाहरण मर्सिडीज लॅकी यांच्या 'मॅजिक्स पॉन' या 1989 सालच्या कादंबरीपासून सुरू होणाऱ्या त्रयीचे. तिचा नायक व्हॅनियल हा पुरुषांवर प्रेम करणारा आणि राज्याचा महान रक्षक आहे. त्याचे प्रेम आडपडदा न ठेवता सांगितलेले आहे, आणि त्या काळी अनेक एकाकी तरुणांना या पुस्तकाने धीर दिला. तरीही त्याचा पहिला प्रियकर आत्मघात करतो, व्हॅनियल स्वतः राज्यासाठी प्राण देतो, आणि निवांत सहवास त्याला मिळतो तो मृत्यूनंतर, अरण्यातील आत्मरूपाने. पुन्हा अरण्यच.

तिसरे उदाहरण एलन कुशनर यांच्या 1987 सालच्या 'स्वॉर्ड्सपॉइंट' या कादंबरीचे. एका काल्पनिक नगरात रिचर्ड नावाचा भाडोत्री तलवारबहाद्दर आणि अलेक नावाचा तऱ्हेवाईक विद्यार्थी एकत्र राहतात. नगरात कटकारस्थाने आहेत, द्वंद्वयुद्धे आहेत, उमरावांचे हेवेदावे आहेत. अलेक आपले कुळ लपवितो, रिचर्ड संकटात सापडतो, आणि त्याला वाचविण्यासाठी अलेकला ज्या नावाचा त्याला तिटकारा आहे तेच नाव न्यायसभेत उघड करावे लागते. अखेरीस तो वैभव सोडून रिचर्डच्या खोलीत परत येतो. या कादंबरीत जादू नाही, राक्षस नाही, मंत्र नाही. तरी ती अद्भुत कादंबरी गणली जाते. आम्ही शोधले की हिच्यातील अद्भुत ते कोणते, तेव्हा आढळले ते इतकेच : दोन पुरुष एकत्र राहतात याचे त्या नगरात कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची मदत होते. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, शृंगाराचा रती. सामान्यतः समलिंगी प्रेमाच्या कथेत हे दोन भाव एकमेकांत गुंततात. प्रेमच विस्मयाचा विषय होते आणि कथेची सारी शक्ती ते घडले कसे, लोक काय म्हणतील, हे शोभते काय, या चर्चेत खर्च होते. शृंगाराला उमलण्यास जागाच उरत नाही. समर्थ अद्भुत कादंबरीकार या दोन भावांची वाटणी नीट करतो. विस्मय तो पंखांच्या सर्पांकडे, बोलत्या तलवारींकडे, दोन चंद्रांच्या आकाशाकडे वळवितो, आणि रती मोकळी सोडतो. मग त्या दोघांपुढे तेच प्रश्न उभे राहतात जे कोणत्याही प्रेमात असतात. विश्वास ठेवावा की नाही? कर्तव्य मोठे की माणूस? आपला राग आवरावा कसा? जे लपविले ते केव्हा सांगावे? प्रेमाची नीती या प्रश्नांत असते. प्रेम करण्याची परवानगी आहे काय, हा प्रेमाच्या उंबरठ्याबाहेरचा प्रश्न आहे, आणि आयुष्यभर उंबरठ्यावर उभे ठेवलेल्या माणसाला घरातील सुखदुःखे कधी कळावी?

म्हणून मन भरण्याचे पहिले लक्षण आम्ही असे मानतो, की प्रेम कथेच्या आत असावे. दुसरे असे, की ते सिद्ध करण्याच्या ओझ्यातून मुक्त असावे. तिसरे, प्रेमिकांना मरण आले तरी ते प्रेम केल्याचा दंड म्हणून येऊ नये. सुखान्त ही आवश्यक अट नव्हे. मॅडलिन मिलर यांनी 'द साँग ऑफ अकिलीज' या 2011 सालच्या कादंबरीत ट्रॉयच्या युद्धातील अकिलीज आणि पॅट्रोक्लस यांची प्रेमकथा सांगितली. 2012 साली तिला ऑरेंज पुरस्कार मिळाला. दोघेही मरतात, हे तर वाचकाला आधीपासून ठाऊक असते. पण ते मरतात अभिमान, शपथ आणि युद्ध यांमुळे. एकमेकांचे होते म्हणून नव्हे. त्यामुळे डोळे पाणावले तरी मन रिते राहत नाही. महाभारतातील कोणत्याही वीराचे मरण आपण असेच स्वीकारतो.

यावर जाणते वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला औचित्याचा. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही, असा आनंदवर्धनाचा निर्णय आहे, आणि अनुचित ठिकाणी जडलेल्या रतीला पुढील शास्त्रकारांनी रसाभास म्हटले. मग ज्या वाचकाला असे प्रेम अनुचितच वाटते त्याला रस कसा यावा? आमचे उत्तर असे, की रसास्वादात वाचक आपला देह आणि आपले नाते विसरतो. साधारणीकरण ते हेच. ज्ञानदेवांच्या विरहिण्या आणि नाथांच्या गौळणी पुरुषांनी स्त्रीच्या मुखाने गायिल्या, पुरुष कीर्तनकारांनी म्हटल्या आणि पुरुष श्रोत्यांनी डोळे मिटून ऐकल्या. ग्वाल्हेरचे राजकवी भास्करराव तांबे यांनी स्त्रीच्या तोंडी कितीतरी प्रेमगीते घातली. कवी पुरुष आहे म्हणून कोणाचा रसभंग झाल्याचे ऐकिवात नाही. ज्या रसिकाने इतके अंतर सहज ओलांडले, त्याला आणखी एक पाऊल जड जाऊ नये. जड जात असेल तर अडथळा रसात नसून संस्कारात आहे, आणि संस्कार बदलतात. 1961 साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे विराजमान झाल्या, तोपर्यंत त्या आसनावर एकही स्त्री बसलेली नव्हती. त्यापूर्वी कित्येक दशके ती गोष्ट कोणाला उणीव म्हणूनही जाणवली नसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो अशा प्रेमाच्या कैवाऱ्यांकडूनच येतो. विरोधच नसलेले जग रंगविणे म्हणजे ज्यांनी विरोध सोसला त्यांच्या दुःखावर पांघरूण घालणे नव्हे काय? आपल्या देशातील हकीकत पाहावी. 1860 च्या दंडसंहितेतील 377 वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते बाजूस सारले, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केले, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने तेवढ्यापुरते रद्द केले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाचा अधिकार मान्य झाला नाही. चार वर्षे आपण निरपराध, मग पाच वर्षे अपराधी, मग पुन्हा निरपराध, असा अनुभव ज्यांनी घेतला त्यांच्याविषयी अद्भुत कादंबरी मौन पाळते, हे खरे आहे. ही साक्ष वास्तववादी साहित्यानेच द्यावी, आणि तेंडुलकर-कुंडलकरांची थोरवी तेथेच आहे. परंतु कायद्याने ज्याचे प्रेम एकदा दिले, एकदा काढून घेतले, त्याला एखादी रात्र अशा राज्यात घालवावीशी वाटली, जेथील कायद्याला या गोष्टीत पडण्याचे कारणच सुचलेले नाही, तर त्यात दुःखाचा विसर नाही. निरोगी शरीर कसे असते हे ज्याने कधी पाहिलेच नाही त्याला आपला रोगही नीट सांगता येत नाही.

फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजला कादंबरीवर व्याख्याने दिली, त्यांतील एक फँटसीवर होते. फँटसी वाचकाकडून नेहमीपेक्षा काही जादा दाम मागते, अशा अर्थाचे विवेचन त्यांनी तेथे केले आहे. आपल्या समाजाने हा जादा दाम नेहमीच खुशीने मोजला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी, नाथमाधवांचे 'वीरधवल', देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'मधील वेषांतरपटू ऐयार, या सर्वांवर आपण बिनतक्रार विश्वास ठेवला. दिव्यातून राक्षस निघतो हे मान्य करणारे मन दोन माणसांच्या जिव्हाळ्यापाशी येऊन अडते, तेव्हा अडचण कल्पनाशक्तीची नसते. तिथे आपण आपल्या मनाला विचारावयाचे असते, की आपल्याला नेमके काय अशक्य वाटते : असे प्रेम असणे, की ते सुखी असणे?

हा प्रश्न पुस्तकांपुरता राहत नाही. आपल्या जुन्या घरांतूनही असा एखादा वाचक असतो, जो भिंतीकडे तोंड करून वाचतो. त्याच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापूर्वी किंवा त्याची थट्टा करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ते एकदा उघडून पाहावे, इतकीच आमची विनंती आहे. त्यात अभक्ष्य काही सापडणार नाही. दोन माणसे संकटात एकमेकांना सोडत नाहीत आणि शेवटी दोघांना एक घर मिळते, एवढेच बहुधा सापडेल.

शिवलीलामृतातील सारस्वताला देवीने दुसरा पुत्र दिला. वर मोठा खरा. परंतु त्या बापाचा आक्रोश दुसऱ्या पुत्रासाठी नव्हता, सोमवंतासाठी होता. त्या काळच्या कथेला सोमवंत आहे तसा घरात ठेवून त्याला सुमेधाशी जोडता आले नाही, म्हणून तिने बापाची भरपाई केली. आजच्या आईबापांपुढे अशी निवड उभी राहण्याचे कारण नाही. मुलगा आहे तसा घरात राहावा, आणि त्याचे माणूसही त्या घरात यावे, एवढे त्यांनी मनात आणले की पुरे आहे.